सगळ्यालाच ‘कमी करणे’ म्हणू नकोस

या आठवड्याचं पत्र, थोडं छोटं करून देतेय:

“मॅडम, मी निफाड तालुक्यातली, घरी कांदा आणि द्राक्षं, दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग मेकॅनिकलचा डिप्लोमा. तीन वर्षं झाली अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे, सिडकोत मैत्रिणींबरोबर रूम करून राहते. आमच्याकडे पार्टवर बर, म्हणजे कडेला उरलेला धातूचा टोकदार कंगोरा, राहायची म्हणून रिजेक्शन ६ टक्के होतं ते ४ वर आलं, आणि बाहेरच्या कस्टमरला त्याचा रिपोर्ट मी लिहिला. मी लिहिलं, रिजेक्शन हॅज रिड्यूस्ड बाय ४ परसेंट. पुढे, वी हॅव मिनिमाइज्ड द प्रॉब्लेम. आणि शेवटी, ऑपरेटर मिस्टेक्स विल बी डिमिनिश्ड. कस्टमरने उलट विचारलं की नक्की किती झालंय, आणि साहेब सगळ्यांसमोर म्हणाले की शब्द तरी बघून वापरत जा. मी बघूनच वापरले होते मॅडम. डिक्शनरीत रिड्यूस, डिक्रीज, लेसन, लोअर, डिमिनिश, मिनिमाइज, मिटिगेट सगळ्यांपुढे एकच लिहिलंय, कमी करणे. मग फरक कळणार कसा? सोमवारी रिपोर्ट सुधारून पाठवायचाय. आणि डिक्रीज बोलताना मी मीटिंगमध्ये दोनदा अडखळले, त्याचा उच्चार पण सांगा.”

अगं, पहिल्यांदा हे सांगते की तू बघून वापरलेस हे बरोबरच केलंस, चूक त्या छोट्या डिक्शनरीची आहे जी सात शब्दांना एकच अर्थ लावून मोकळी होते. मी पंचवीस वर्षं नाशकात इंग्रजी शिकवतेय आणि मराठी मीडियमची जितकी मुलं माझ्याकडे आली त्यातली बहुतेक याच जागी अडकलेली बघितलीत, आणि प्रत्येकाला वाटतं की आपलं इंग्रजी कच्चं आहे. कच्चं नसतं गं. होतं काय की इंग्रजीकडे जाताना आपण आपली मराठी आधीच सपाट करून टाकतो, सगळ्याचं ‘कमी होणे’ करतो, आणि मग त्या सपाट शब्दाला इंग्रजीत काय म्हणतात ते शोधत बसतो.

तू निफाडची आहेस ना, मग मला सांग, तुझे वडील चाळीत साठवलेल्या कांद्याबद्दल ‘कांदा कमी झाला’ असं म्हणतात का? ते म्हणतात वजनात घट आली. लासलगावला भाव कमी होत नाहीत, भाव उतरतात, पडतात, आणि फारच वाईट झालं तर कोसळतात. आवक रोडावते. विहीर आटते. पूर ओसरतो, ताप उतरतो, राग निवळतो, म्हाताऱ्या माणसाची तब्येत खालावते, वाईट साल असलं की घरात खर्चाला कात्री लागते आणि लग्नात हात आखडता घेतात. हे सगळं तुला कोणी शिकवलं नाही, तू ऐकत मोठी झालीस, आणि यातला एकही शब्द तू चुकीच्या जागी वापरणार नाहीस, तू कधीच म्हणणार नाहीस की ताप रोडावला किंवा आवक निवळली. म्हणजे फरक तुझ्याकडे आधीच आहे. म्हणून इंग्रजी वाक्य लिहायच्या आधी तेच वाक्य तू घरी आईला फोनवर कसं सांगशील ते मनात म्हण, जे क्रियापद तोंडात येईल ते धर, आणि मग त्याचा इंग्रजी जोडीदार शोध. जोडी प्रत्येक वेळी तंतोतंत जुळेल असं नाही पण तू योग्य गल्लीत तरी पोचशील.

गोदावरीच्या पुराचं उदाहरण देते कारण ते मला सगळ्यात जवळचं आहे, मी पंचवटीतली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मोठा पूर आला होता तेव्हा आम्ही सगळे होळकर पुलाच्या बाजूला जाऊन बघायचो की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत आलंय, पायाला, कमरेला, छातीला, का गळ्याला, आणि त्यावरून सराफ बाजारातले लोक ठरवायचे दुकानातला माल हलवायचा का ते. आता ऐक. आधी पाऊस कमी झाला. मग गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी कमी झालं. मग नदीचं पाणी कमी झालं. मग धोका कमी झाला. मराठीत लिहितानाही बातमीत कधीकधी चारही ठिकाणी ‘कमी’ येतं, पण चारही गोष्टी वेगळ्या आहेत आणि इंग्रजीत चारही क्रियापदं वेगळी येतात.

पावसाचा जोर ओसरला, तो ईझ झाला किंवा अबेट झाला. अबेट हे वारा, वादळ, पाऊस, गोंगाट अशा जोर असलेल्या गोष्टींसाठी, आणि ते बहुतेक वेळा आपोआप होतं. धरणाचं मात्र कोणीतरी केलं, इंजिनिअरने दरवाजे खाली घेतले आणि विसर्ग अमुक क्युसेकवरून तमुक क्युसेकवर आणला, म्हणून द डिस्चार्ज वॉज रिड्यूस्ड. नदीचं पाणी मारुतीच्या छातीवरून कमरेवर आलं, काठावरून मागे गेलं, तिथे रिसीड. रिसीड म्हणजे मागे सरणं, म्हणूनच कपाळावरचे केस मागे जायला लागले की त्यालाही रिसीडच म्हणतात. आणि सबसाइड म्हणजे वर उसळलेलं खाली बसणं, पूर सबसाइड होतो, पायाची सूज सबसाइड होते, भांडणानंतरचा राग सबसाइड होतो, एवढंच काय जमीन खचली तरी सबसाइडच. पुराचं पाणी दोन्ही करतं, मागेही सरतं आणि खालीही बसतं, म्हणून तिथे दोन्ही शब्द चालतात. आणि धोका? पाणी यायच्या आधी दुकानदारांनी माल वरच्या मजल्यावर नेला, त्याने पूर काही थांबला नाही, एक थेंबही कमी आला नाही, पण नुकसान कमी झालं. हे मिटिगेट. हा शब्द तुझ्या रिपोर्टच्या कामाचा आहे, त्याच्याकडे परत येते.

आता रिड्यूस, कारण तुझी पहिली चूक तिथे आहे आणि तो शब्द दिसतो तेवढा सोपा नाही.

साधं आधी. रिड्यूस म्हटलं की मागे सहसा कोणीतरी करणारा असतो. आम्ही रिजेक्शन रिड्यूस केलं, डॉक्टरांनी डोस रिड्यूस केला. नुसतं आपोआप खाली आलं, किंवा कोणी केलं ते सांगायचं नाही, तर डिक्रीस, फॉल, ड्रॉप, डिक्लाइन. म्हणून ‘रिजेक्शन हॅज रिड्यूस्ड’ हे आपल्याकडे सगळे बोलतात, मलाही कळतं तुला काय म्हणायचंय, पण बाहेरच्या माणसाला ते कानाला खटकतं. त्याला हवं ‘रिजेक्शन हॅज डिक्रीस्ड’ किंवा ‘वी हॅव रिड्यूस्ड रिजेक्शन’. मराठीत घटणे आणि घटवणे यात जो फरक आहे तोच हा, आपण तो ‘वणे’ लावून दाखवतो, इंग्रजी शब्द बदलून दाखवतं.

पण रिड्यूसच्या पोटात अजून एक अर्थ आहे आणि तो कळला की हा शब्द कायमचा लक्षात राहतो. लॅटिनमध्ये मुळात त्याचा अर्थ मागे आणणं, परत नेणं असा होता. म्हणजे एखाद्या गोष्टीला एका स्थितीला आणून सोडणं. माझी आई बासुंदी करायची तेव्हा लोखंडी कढईत दूध चढवलं की उलथन्याचा दांडा उभा बुडवायची, दांड्यावर दुधाची जी ओली खूण उमटायची तिथे नखाने एक रेघ मारायची, आणि मग तासभर मंद आचेवर कडेची साय सारखी आत ढकलत राहायची, मधूनमधून परत दांडा बुडवून बघायची की दूध रेघेच्या निम्म्याला आलं का. दूध आटवायचं म्हणजे इंग्रजी रेसिपीत जिथे ‘रिड्यूस’ लिहिलेलं असतं ना ते हेच. तिथे तू ‘दूध कमी करा’ असं वाचलंस आणि वाटीभर दूध काढून ठेवलंस तर गेली बासुंदी. आटवताना पाणी उडतं आणि जे उरतं ते दाट होतं, गोड होतं. आणि गंमत म्हणजे या एका वापरात रिड्यूस आपोआपही होतं, सॉस रिड्यूस होतो, जसं दूध आटतं.

शाळेत आपण ६/८ चं ३/४ करायचो, अपूर्णांकाला संक्षिप्त रूप द्या असा प्रश्न यायचा, त्यालाही इंग्रजीत रिड्यूसच म्हणतात आणि किंमत तर काडीची कमी होत नाही. हाडाच्या डॉक्टरांचंही तसंच. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचं मनगट मोडलं होतं, कागदावर ‘क्लोज्ड रिडक्शन डन’ असं लिहिलेलं होतं, आणि घरातले सगळे घाबरून बसले की हाड कापून लहान केलं की काय. तो मुलगा रात्री माझ्याकडे कागद घेऊन आला होता, हात थरथरत होते त्याचे. तिथे रिडक्शन म्हणजे सरकलेलं हाड परत जागेवर आणून बसवणं, आणि क्लोज्ड म्हणजे कातडी न फाडता बाहेरून. हे सांगितल्यावर तो पोरगा तिथेच पायरीवर बसला. एका शब्दाचा अर्थ माहीत नसल्याने एक अख्खं घर जेवलं नव्हतं त्या दिवशी, म्हणून मी हे सदर लिहिते.

आता बाय आणि टू. हे सगळ्यात महत्त्वाचं कारण तुझ्या कस्टमरचा प्रश्न इथूनच आला, शब्दावरून नाही आला. तू लिहिलंस ‘बाय ४ परसेंट’. बाय म्हणजे ‘ने’, टू म्हणजे ‘वर’. चारने कमी झालं आणि चारवर आलं, मराठीत किती स्वच्छ आहे बघ. तुझं वाक्य वाचून त्या माणसापुढे तीन शक्यता उभ्या राहिल्या. एक, ६ मधून ४ गेले म्हणजे आता २ टक्के. दोन, ६ चे ४ टक्के गेले म्हणजे ५.७६. तीन, तुला ‘४ वर आलं’ म्हणायचं होतं. खरं उत्तर तिसरं होतं आणि नेमकं तेच तू लिहिलं नव्हतंस. त्याने विचारलं ते बरंच झालं, कारण त्याने २ टक्के समजून पुढचं प्लॅनिंग केलं असतं तर पुढच्या ऑडिटला तुमची पंचाईत झाली असती.

तुला कांद्यावरून हे पाठच असेल. निर्यात शुल्क ४० टक्के होतं, ते सप्टेंबर २०२४ मध्ये २० झालं. ते ‘टू ट्वेंटी परसेंट’ आलं. निम्मं झालं म्हणून ‘हाव्ड’ म्हणता येईल, म्हणजे ५० टक्क्यांनी कमी झालं असंही खरं आणि ४० मधून सरळ २० गेले म्हणून २० पॉइंटने कमी झालं हेही खरं, पण ‘२० टक्क्यांनी कमी झालं’ म्हणालीस तर काटेकोर माणूस ३२ समजेल, कारण ४० चे २० टक्के म्हणजे ८. आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्क काढूनच टाकलं, तिथे रिड्यूस हा शब्दच नको, तिथे विथड्रॉन किंवा स्क्रॅप्ड. टक्क्यांचे टक्के हा घोळ इतका जुना आहे की बँकवाल्यांनी त्यासाठी वेगळं मापच ठेवलंय, बेसिस पॉइंट, एका टक्क्याचा शंभरावा भाग. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो रेट, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ६.५० वरून ६.२५ वर आणला तेव्हा सगळीकडे ‘कट बाय २५ बेसिस पॉइंट्स’ असं आलं, कोणालाही विचारावं लागलं नाही की कशाचे पंचवीस. तू रिपोर्टमध्ये ‘पर्सेंटेज पॉइंट्स’ वापर, आणि त्याहून बरं म्हणजे आधीचा आणि नंतरचा दोन्ही आकडे दे, फ्रॉम सिक्स परसेंट टू फोर परसेंट. दोन्ही आकडे दिले की वाद संपला.

मिनिमाइज बद्दल मला जरा जोरात सांगायचंय कारण एमआयडीसीतल्या प्रत्येक रिपोर्टमध्ये हा शब्द येतो आणि जवळजवळ प्रत्येक वेळी चुकीचा येतो. मिनिमाइज म्हणजे थोडं कमी करणं नाही, जितकं कमी करता येईल तितकं, अगदी तळाला नेणं. म्हणून ‘मिनिमाइज्ड बाय १० परसेंट’ असं होऊच शकत नाही, तळाला नेलं तर १० टक्के कुठले. ६ चं ४ झालं हे चांगलं काम आहे पण ते मिनिमम नाही, कस्टमर म्हणेल म्हणजे याच्याखाली तुम्ही जाऊच शकत नाही का? आणि दुसरी गोष्ट याहून वाईट. मिनिमाइजचा आणखी एक अर्थ आहे, एखादी गोष्ट किरकोळ आहे असं दाखवणं, तिला महत्त्व न देणं. कॉम्प्युटरवर विंडो मिनिमाइज करतेस तेव्हा ती बंद होते का? नाही, खाली जाऊन बसते, नजरेआड होते, प्रोग्रॅम मागे चालूच असतो. तू ‘वी हॅव मिनिमाइज्ड द प्रॉब्लेम’ लिहिलंस ते कंप्लेंट करणाऱ्या माणसाला ‘आम्ही तुमचा प्रॉब्लेम किरकोळीत काढला’ असंही वाचता येतं. तुझ्या मनात तसं काही नव्हतं, उलट तू रात्र रात्र डेटा काढलास, पण वाचणाऱ्याच्या हातात शब्दच असतात. पुढे काय करणार ते सांगताना मात्र मिनिमाइज चालतो, ‘टू मिनिमाइज हँडलिंग डॅमेज’ वगैरे, तिथे हेतू आहे, हिशोब नाही.

डिमिनिश हा शब्द मला स्वतःला फार आवडतो पण तो मोजायच्या गोष्टींचा नाही, मान, किंमत, ताकद, उत्साह यांचा आहे. एखाद्याला चारचौघात बोललं की तो माणूस डिमिनिश होतो, छोटा होतो. तुला मीटिंगमध्ये जे झालं ते तेच. म्हणून ‘ऑपरेटर मिस्टेक्स विल बी डिमिनिश्ड’ हे वाक्य लंगडं वाटतं, चुका मोजता येतात, तिथे सरळ ‘देअर विल बी फ्युअर मिस्टेक्स’. या शब्दाचा एक पक्का वापर मात्र शेतातला आहे आणि तो अर्थशास्त्रात शिकवतात, डिमिनिशिंग रिटर्न्स. कांद्याला युरियाची पहिली गोणी टाकली की पीक चांगलं उचलतं, दुसरीने वाढतं पण पहिलीइतकं नाही, तिसरीने थोडंसंच. लक्षात घे, एकूण पीक अजून वाढतंय, कमी झालेलं नाही, कमी होतेय ती प्रत्येक नव्या गोणीमागची वाढ. आमच्याकडे येणारी कॉमर्सची मुलं इथे हमखास ‘उत्पन्न घटते’ असं लिहितात आणि मार्क घालवतात.

बाकीचे पटकन सांगते. लेसन, म्हणजे एल ई डबल एस ई एन, हा ओझं, दुःख, भीती, परिणाम यांना शोभतो, आकड्यांना नाही, आणि उच्चार धड्याच्या लेसनसारखाच, त्यामुळे बोलताना गोंधळ नको असेल तर टाळलास तरी काही बिघडत नाही. लोअर म्हणजे उंचीवरून खाली घेणं, जिथे मराठीत ‘खाली’ किंवा ‘हळू’ बसतं तिथे, किंमत, तापमान, आवाज, झेंडा. माणसांची संख्या लोअर करत नाहीत. कट हा ठरवून, एका घावात, दर, टॅक्स, नोकऱ्या, खर्च, म्हणजे आपली कात्री. आणि ‘कट डाउन ऑन’ म्हणजे सवय, चहा कमी कर असं डॉक्टर म्हणतात ते. हात आखडता घेण्याला जवळचा शब्द कर्टेल, चालू असलेली गोष्ट मधेच आखूड करणं, ट्रिप, खर्च, कोणाचे अधिकार. डिक्लाइन म्हणजे हळूहळू उतरणं, बऱ्याचदा खालावणं, पण त्याचा दुसरा अर्थ नकार देणं, त्यामुळे ‘द कस्टमर डिक्लाइन्ड’ असं अर्धवट कधीच लिहू नकोस. रोडावणं म्हणजे ड्विंडल, आणि हे दोन्ही शब्द कसे जुळे आहेत बघ, हळूहळू, थोडं थोडं करत, जवळजवळ संपायला येणं, आणि तेही आपलं आपण, आपण जसं कशाला ‘रोडावत’ नाही तसंच कशाला ड्विंडल करता येत नाही. चाळीतला साठा ड्विंडल होतो. पण बोअरमधून उपसून उपसून पाणी संपवलं तर ते डिप्लीट, तिथे उपसा आहे, वापरून संपवणं आहे, म्हणून भूजलाच्या बातम्यांत डिप्लिशन येतं. द्राक्षाचा बेदाणा होताना आकसतो, धुतल्यावर सुती कापड आटतं, ते श्रिंक. मराठीत दूधही आटतं आणि कापडही आटतं पण इंग्रजीत एक रिड्यूस आणि एक श्रिंक, इथे मात्र आपला शब्द दोन ठिकाणी जातो तेव्हा जपून.

मिटिगेट राहिलं. त्याच्या शेजारी अलिव्हिएट ठेवते म्हणजे फरक कळेल. अलिव्हिएटच्या मुळाशी हलकं हा अर्थ आहे, दुखणं हलकं करणं, दारिद्र्याचं ओझं हलकं करणं, जे आत्ता सोसतोय त्याला थोडा आराम. डोकेदुखीची गोळी दुखणं अलिव्हिएट करते, आजार बरा करेलच असं नाही. मिटिगेट म्हणजे जे वाईट होणार आहे किंवा होतंय त्याची झळ, त्याची तीव्रता कमी करणं, सराफ बाजारातल्या दुकानदारांसारखं. तुमच्या एफएमईएमध्ये, म्हणजे काय कुठे बिघडू शकतं ते मांडायच्या तक्त्यात, सिव्हिअरिटी (किती गंभीर), ऑकरन्स (किती वेळा घडतं) आणि डिटेक्शन (वेळेत सापडतं का) असे तीन रकाने असतात ना, तिथे हे फार उपयोगी पडतं. तुम्ही डिबरिंगचं, म्हणजे बर काढायचं, टूल वेळेवर बदलायला लागलात आणि बर पडायचंच कमी झालं, तर ऑकरन्स रिड्यूस केला. तुम्ही फक्त शेवटी एक जादा माणूस भिंग घेऊन बसवलात, तर बर पडणं तेवढंच आहे, फक्त कस्टमरकडे जायच्या आधी सापडतेय, म्हणजे डिटेक्शन सुधारलं, आणि कस्टमरपर्यंत खराब पार्ट जाण्याची रिस्क मिटिगेट केली. दोन्ही कामं खरी आहेत पण एक नाहीत, आणि कस्टमरला नेमकं हेच जाणून घ्यायचं असतं की तुम्ही रोग घालवलात का गाळणी लावलीत. हे तू मला पत्रात लिहिलेलं नाहीस त्यामुळे रिपोर्ट लिहिण्याआधी शॉपफ्लोअरवर जाऊन बघ की ६ चं ४ नक्की कशामुळे झालं, कारण क्रियापद त्यावर ठरणार आहे, माझ्यावर नाही.

समजा टूलमुळे झालं असेल तर सोमवारचा मजकूर असा ठेव. ‘वी हॅव रिड्यूस्ड रिजेक्शन ड्यू टू बर्स फ्रॉम सिक्स परसेंट टू फोर परसेंट बाय चेंजिंग द डिबरिंग टूल ॲट फिक्स्ड इंटरव्हल्स.’ यातला बाय ‘ने’ नाही तर ‘करून’ आहे, त्याला घाबरू नकोस, आकडा त्याच्यापुढे नाही. मग ‘द प्रॉब्लेम इज नॉट यट फुली सॉल्व्ह्ड’, हे स्पष्ट लिही, लपवू नकोस, ४ टक्के अजून आहेत. मग ‘टू मिटिगेट द रिस्क ऑफ बॅड पार्ट्स रीचिंग यू, ऑल पार्ट्स आर बीइंग चेक्ड बिफोर डिस्पॅच’, पण हे खरंच करत असाल तरच. आणि शेवटी ‘वुई एक्स्पेक्ट फ्युअर ऑपरेटर मिस्टेक्स आफ्टर ट्रेनिंग’. चार वाक्यं, चारही साधी. साहेबांना पाठवायच्या आधी मोठ्याने एकदा वाच, रूमवर मैत्रिणींसमोर वाचलंस तर उत्तम.

आणि साहेबांचं. ते चिडले असतील, कस्टमरपुढे त्यांनाही उत्तर द्यावं लागलं असेल, पण चुकलेलं वाक्य दाखवायला केबिन असते. तू एकदा शांतपणे त्यांना सांग की सर, पुढच्या वेळी चूक दिसली तर मला बाजूला बोलावून दाखवा, मी लगेच सुधारते. हे मराठीतच सांग, त्यासाठी इंग्रजीची गरज नाही.

उच्चाराचं विचारलंस ते छान विचारलंस. वर बघ, तुझ्या पत्रात ‘डिक्रीज’ आहे आणि मी सगळीकडे ‘डिक्रीस’ लिहिलंय. शेवटी ज नाही, स आहे, आइस मधला स. रिड्यूस, डिक्रीस, दोन्हींचा शेवट सारखा. भूतकाळात मी सवयीने ड लिहिलाय पण ऐकू ट सारखा येतो, रिड्यूस्ट, डिक्रीस्ट. आणि तू अडखळलीस ती बहुतेक जोरामुळे. क्रियापद असेल तेव्हा जोर दुसऱ्या तुकड्यावर, डि-क्रीस, ‘सेल्स डि-क्रीस्ट’ म्हणताना क्री लांबव. नाम असेल तेव्हा जोर पहिल्यावर, डी-क्रीस, ‘अ डी-क्रीस ऑफ टू पॉइंट्स’, इथे डी लांबव. इन्क्रीसचंही अगदी असंच आहे. रविवारी संध्याकाळी दहा-दहा वेळा दोन्ही म्हण, आधी हळू मग नेहमीच्या वेगाने, आणि सोमवारी रिपोर्ट गेला की मला दोन ओळी टाक, कस्टमरने काय उत्तर दिलं ते मला कळायला हवंय.